वाचक विचारतात : ‘सेपुल्तुरा’ नक्की कोणाचा?

ब्राझीलच्या ‘सेपुल्तुरा’ या हेवी मेटल (रॉक संगीताचा अधिक जड, कर्कश प्रकार) बँडने डिसेंबर २०२३मध्ये निरोपाच्या दौऱ्याची घोषणा केली. तेव्हापासून या सदराकडे त्या बँडविषयी पत्रे येत आहेत. ज्या दोन भावांनी हा बँड उभा केला ते दोघेही आता त्यात नाहीत. गायक बदलला, ड्रमर एकापाठोपाठ एक बदलले, तरी नाव मात्र चाळीस वर्षे तेच राहिले. हे कसे झाले आणि ते योग्य आहे का, असा बहुतेक पत्रांचा रोख आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : सेपुल्तुराची सुरुवात कुठे झाली? ब्राझीलमधले बहुतेक प्रसिद्ध कलावंत रिओ दि जानेरो किंवा साओ पावलो येथून पुढे आलेले दिसतात. मग हा बँड तिसऱ्याच शहरातला कसा?

उत्तर : ते शहर म्हणजे बेलो होरिझोन्ते. ही मिनास जेराइस या राज्याची राजधानी असून ती नव्याने आखून वसवण्यात आली आणि १८९७मध्ये तिचे उद्‌घाटन झाले. आसपासचा सगळा मुलूख लोहखनिजाच्या खाणींचा आहे. लोकसंख्येने हे शहर मोठेच आहे, परंतु १९८०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्या, दूरचित्रवाणीचे स्टुडिओ आणि संगीताचा सारा व्यवसाय रिओ आणि साओ पावलो या दोन शहरांत एकवटलेला होता. बेलो होरिझोन्तेतल्या पोरांना ऐकायला कोणी येईल, अशी अपेक्षा त्या पोरांनाही नव्हती. माझ्या मते त्यांच्या पहिल्या काही वर्षांतला बेफिकीर रांगडेपणा याच एकटेपणातून आला. कोणाला खूश करायचे नव्हते आणि कोणाच्या तालमीत वाढायचेही नव्हते, त्यामुळे जे आवडले ते त्यांनी जमेल तसे वाजवले.

मॅक्स कावालेराचा जन्म १९६९चा आणि त्याचा धाकटा भाऊ इगोर याचा १९७०चा. त्यांचे वडील इटालियन होते आणि इटलीच्या परराष्ट्र सेवेत नोकरीला होते. मुले लहान असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने ते वारले आणि घराची आर्थिक घडी पार विस्कटली. आई मुलांना घेऊन बेलो होरिझोन्तेला राहिली आणि तिथे या दोन भावांना हेवी मेटलने झपाटून टाकले. १९८४मध्ये, म्हणजे मॅक्स पंधरा वर्षांचा आणि इगोर चौदाचा असताना, त्यांनी शाळकरी मित्रांना गोळा करून सेपुल्तुरा सुरू केला. सुरुवातीला काही मुले आली आणि गेली. जे टिकले त्यांत गायक वॅग्नर लामुनिये आणि बेसवादक (खालच्या सुरांची गिटार वाजवणारा) पाउलो ज्युनियर ही दोन नावे महत्त्वाची आहेत. पाउलोचे नाव लक्षात ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा येणार आहे.

हा काळही समजून घ्यायला हवा. ब्राझीलमध्ये १९६४पासून चालत आलेली लष्करी राजवट १९८५मध्ये संपली. महागाई भयंकर होती आणि आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळे चांगली गिटार, चांगला अॅम्प्लिफायर किंवा परदेशी रेकॉर्ड मिळवणे सामान्य घरातल्या मुलाला जवळजवळ अशक्य होते. अशा वेळी, जानेवारी १९८५मध्ये, रिओमध्ये ‘रॉक इन रिओ’ हा महोत्सव भरला आणि आयर्न मेडन, एसी/डीसी, स्कॉर्पियन्स, ओझी ऑस्बॉर्न ही मंडळी एकाच व्यासपीठावर येऊन गेली. त्या महोत्सवानंतर देशभर गावोगावी मेटलचे बँड निघाले. त्यांतले बहुतेक वर्षा-दोन वर्षांत विरून गेले, पण बेलो होरिझोन्तेत मात्र त्यांना टिकून राहायला एक आधार मिळाला. ‘कोगुमेलो’ या रेकॉर्डच्या दुकानाने स्वतःच रेकॉर्ड काढायचे ठरवले होते. परदेशी रेकॉर्ड ऐकायला त्या दुकानात जमणारी मुलेच त्याचे गिऱ्हाईक होती आणि तीच त्याचे कलावंत झाली. ओव्हरडोस, सार्कोफागो, म्युटिलेटर, चाकाल, होलोकॉस्टो हे सगळे बँड त्याच शहरातले आणि त्याच वर्तुळातले होत.

कोगुमेलोने १९८५मध्ये काढलेल्या एका रेकॉर्डच्या एका बाजूला ओव्हरडोसची गाणी होती आणि दुसऱ्या बाजूला सेपुल्तुराची. सेपुल्तुराची बाजू दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली. १९८६मध्ये त्यांचा पहिला पूर्ण अल्बम आला. त्यातल्या गिटारी नीट सुरात लावलेल्या नाहीत, हे कानाला सहज कळते. गाण्यांचे शब्द इंग्रजी आहेत, परंतु मुलांना इंग्रजी जेमतेमच येत होते आणि पोर्तुगीजमध्ये सुचलेल्या ओळींचे शब्दशः भाषांतर करून त्यांनी काम भागवले होते. रेकॉर्डवर त्यांनी स्वतःला भीतिदायक टोपणनावेही दिली होती. आज हे सगळे बालिश वाटू शकेल. तरीही त्या ध्वनिमुद्रणात जी आच आहे ती नंतरच्या कितीतरी नीटस अल्बमांत मला सापडत नाही.

प्रश्न : बँडचा गिटारवादक आंद्रेयास किस्सर हा मूळ सदस्य आहे, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. मग वॅग्नर आणि जाइरो हे कोण? त्यांची नावे सहसा का घेतली जात नाहीत?

उत्तर : किस्सर मूळ सदस्य नाही. तो बँडमध्ये १९८७ साली आला, तोपर्यंत सेपुल्तुराच्या नावावर दोन रेकॉर्ड होत्या.

वॅग्नर हा पहिला गायक. तो १९८५मध्ये बाहेर पडला आणि सार्कोफागोत गेला. त्याच्या जाण्याने गाण्याची जबाबदारी मॅक्सवर येऊन पडली. तोवर तो मुख्यतः गिटार वाजवत असे. पुढे ज्या आवाजाने सेपुल्तुरा जगभर ओळखला गेला, तो अशा रीतीने निव्वळ गरजेपोटी पुढे आला. वॅग्नरचे नाव घेतले जात नाही हे मात्र पूर्णपणे खरे नाही, कारण सार्कोफागोचा १९८७चा अल्बम नॉर्वे आणि आसपासच्या देशांतल्या ब्लॅक मेटल वाजवणाऱ्यांनी अक्षरशः पारायणे करून ऐकला आणि त्या वर्तुळात वॅग्नरला आजही मान आहे. नंतर संगीत सोडून तो विद्यापीठात अध्यापनाकडे वळला.

जाइरो गेड्झ हा १९८५ ते १९८७ या काळातला गिटारवादक. पहिल्या दोन्ही रेकॉर्डवर तोच वाजवतो. तो गेल्यावर त्याच्या जागी किस्सर आला. जाइरो त्यानंतरही त्याच शहरात निरनिराळ्या बँडमध्ये वाजवत राहिला. २०२०मध्ये त्याने ‘द ट्रूप्स ऑफ डूम’ हा बँड काढला. सेपुल्तुराच्या १९८६च्या अल्बममध्ये याच नावाचे गाणे आहे. ज्या शैलीपासून सेपुल्तुरा १९८७मध्ये दूर गेला, तिथूनच जाइरोने तिचा धागा पुन्हा हातात घेतला.

आता किस्सरविषयी. तो साओ पावलोजवळच्या साओ बेर्नार्दो दो काम्पो या औद्योगिक गावातला. मोटारींच्या कारखान्यांसाठी आणि १९७०च्या दशकाच्या अखेरच्या कामगार संपांसाठी हे गाव ओळखले जाते. किस्सर तांत्रिकदृष्ट्या तयार गिटारवादक होता. त्याने शास्त्रीय गिटारही अभ्यासली होती आणि सोलो (गाण्यात एकट्या गिटारीचा पुढे येणारा तुकडा) वाजवताना पुढचा सूर कुठे ठेवायचा याची त्याला पक्की जाण होती. माझे ठाम मत असे आहे की सेपुल्तुराच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल मॅक्सच्या जाण्याने झालेला नसून किस्सरच्या येण्याने झाला आहे. त्यावर कोणी वाद घालत नाही, कारण तो बँडला प्रसिद्धी मिळण्यापूर्वी घडला.

१९८६चा अल्बम ऐकून लगेच १९८७चा ‘स्किझोफ्रेनिया’ लावला तर दोन्हींत एकाच वर्षाचे अंतर आहे यावर विश्वास बसत नाही. पहिल्यात रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारीचे छोटे तुकडे) एकावर एक आदळत राहतात आणि गाणे दम संपला की थांबते. दुसऱ्यात गाण्यांना बांधणी आहे. वेग कुठे वाढवायचा, कुठे अचानक अर्ध्यावर आणायचा आणि एका रिफमधून दुसऱ्यात कोणत्या पायरीने उतरायचे, याचा विचार केलेला दिसतो. त्याच अल्बममध्ये अकूस्टिक गिटारवर वाजवलेला एक छोटा तुकडा आहे आणि सात मिनिटांहून मोठी, शब्द नसलेली एक रचना आहे. चार चेलोंवर मेटल वाजवणाऱ्या फिनलंडच्या ‘अपोकॅलिप्टिका’ या गटाने ही रचना १९९८मध्ये वाजवली आणि आपल्या अल्बमला तिचेच नाव दिले. वर्षभरापूर्वी ज्यांच्या गिटारी सुरात नव्हत्या, त्या मुलांची रचना चेलोंवर वाजवण्याजोगी ठरावी, हा फरक किस्सरने आणला.

पाउलो ज्युनियर कागदोपत्री पहिल्या रेकॉर्डपासून बेसवादक आहे, परंतु सुरुवातीच्या काही अल्बमांवर स्टुडिओतला बेस प्रत्यक्षात किस्सरने वाजवला, असे मॅक्सने नंतर सांगितले आहे. ते धरून चालले, तर त्या अल्बमांचे तारवाद्यांचे काम बव्हंशी दोनच माणसांनी केले होते.

प्रश्न : एका प्रादेशिक रेकॉर्ड कंपनीचा बँड जगभर कसा पोहोचला?

उत्तर : मॅक्स फेब्रुवारी १९८८मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि आठवडाभर ‘रोडरनर’ या रेकॉर्ड कंपनीशी बोलणी करून करार घेऊन परतला. पुढचा ‘बिनीथ द रिमेन्स’ हा अल्बम डिसेंबर १९८८मध्ये रिओतल्या एका स्टुडिओत रात्री जागून ध्वनिमुद्रित झाला. त्यासाठी फ्लोरिडाहून स्कॉट बर्न्स हा ध्वनिमुद्रक ब्राझीलला आला. खर्चाची तरतूद तुटपुंजी होती आणि त्यानेही थोडक्या मोबदल्यात काम केले. १९८९मध्ये अल्बम प्रसिद्ध झाल्यावर युरोपचा दौरा झाला आणि जानेवारी १९९१मध्ये ‘रॉक इन रिओ’च्या दुसऱ्या पर्वात माराकाना मैदानावर सेपुल्तुरा स्वतः उभा राहिला. १९८५ साली त्यांच्यासारख्या असंख्य मुलांना ज्या महोत्सवाने वेड लावले होते, त्याच महोत्सवाने सहा वर्षांनी त्यांना बोलावले.

प्रश्न : मॅक्स कावालेराने बँड का सोडला? दोष कोणाचा होता?

उत्तर : घटना ठाऊक आहेत. दोषाचा निवाडा करण्याची माझी इच्छा नाही आणि तो या सदराचा विषयही नाही.

‘रूट्स’ हा अल्बम फेब्रुवारी १९९६मध्ये आला आणि बँड यशाच्या शिखरावर होता. बँडचे व्यवस्थापन मॅक्सची पत्नी ग्लोरिया हिच्याकडे होते. ऑगस्ट १९९६मध्ये इंग्लंडमधल्या डॉनिंग्टन येथील महोत्सवासाठी सर्व जण पोहोचले असताना ग्लोरियाचा मुलगा अमेरिकेत मोटार अपघातात गेल्याची बातमी आली. मॅक्स आणि ग्लोरिया तातडीने परतले. उरलेले तिघे व्यासपीठावर गेले आणि त्या दिवशी किस्सरने गायले. दुःखाच्या या काळातच बाकीच्या तिघांनी ग्लोरियाशी असलेला व्यवस्थापनाचा करार पुढे चालू न ठेवण्याचे ठरवले. एका बाजूला पत्नी आणि दुसऱ्या बाजूला सख्खा भाऊ व बारा वर्षांचे सोबती, असा पेच मॅक्ससमोर उभा राहिला. १६ डिसेंबर १९९६ रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत झालेला कार्यक्रम या चौघांचा शेवटचा ठरला. त्याचे ध्वनिमुद्रण २००२मध्ये प्रसिद्ध झाले. ते ऐकताना चौघांपैकी कोणीही हात आखडता घेतलेला जाणवत नाही, उलट इगोरचे वादन त्या रात्री विलक्षण नेमके आहे.

मॅक्सने लगेच ‘सोलफ्लाय’ हा बँड काढला. मॅक्स आणि इगोर यांच्यात त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे अबोला होता.

प्रश्न : मग मॅक्सनंतरचा सेपुल्तुरा हा सेपुल्तुराच का मानायचा? नवा गायक घेऊन तेच नाव वापरणे ही रसिकांची फसवणूक नाही का?

उत्तर : या प्रश्नावर सर्वाधिक पत्रे आली आहेत आणि काहींची भाषा बरीच तिखट आहे. फसवणूक हा शब्द मला मान्य नाही. बँड मॅक्सने सोडला, राहिलेले तिघे होते तिथेच राहिले आणि नाव त्यांच्याकडे राहिले. इगोर संस्थापकांपैकी एक होता, पाउलो जवळजवळ पहिल्या दिवसापासूनचा होता आणि सेपुल्तुराची गाणी ज्या बांधणीमुळे ओळखली जातात ती ज्याने आणली तो किस्सर होता. १९९७मध्ये त्यांनी डेरिक ग्रीन या अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या गायकाला घेतले. हार्डकोअर पंकमधून आलेला ग्रीन पुढे साओ पावलोला राहायला गेला, पोर्तुगीज शिकला आणि तेव्हापासून आजवर तोच गातो आहे. मॅक्स सेपुल्तुरात बारा वर्षे होता. ग्रीन त्याच्या दुपटीहून अधिक काळ आहे. वर्षांच्या हिशेबाने कोणाचा हक्क मोठा ठरत नाही हे खरे, पण ‘बदली गायक’ हे बिरूद त्याला आज चिकटवणे मला अन्यायाचे वाटते.

आवाजात काय बदलले, हा प्रश्न मला या वादापेक्षा महत्त्वाचा वाटतो. बहुतेक जण मॅक्सच्या आणि ग्रीनच्या गळ्याची तुलना करून थांबतात. खरा फरक गिटारीत आहे. १९९६पर्यंत बँडमध्ये दोन गिटारी होत्या. १९९०च्या दशकात मॅक्स आपल्या गिटारीच्या वरच्या दोन बारीक तारा काढून टाकून फक्त चार जाड तारांवर वाजवत असे. त्याला सोलो वाजवायचाच नव्हता. त्याचे काम रिफ धरून ठेवण्याचे होते आणि ते करताना त्याचा उजवा हात एखाद्या तालवाद्यासारखा चालत असे. त्या पायावर किस्सर मोकळा फिरायचा, कधी सोलो, कधी कर्कश सुरांचे तुकडे, तर कधी निव्वळ फीडबॅक (गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्यातून निघणारी सलग किंचाळी). मॅक्स गेल्यावर दुसरा गिटारवादक घेतलाच गेला नाही. सेपुल्तुरा त्या दिवसापासून एका गिटारीचा बँड झाला.

याचा अर्थ असा की किस्सर सोलो घेतो तेव्हा खालची रिफ नाहीशी होते आणि बेस व ड्रम यांनाच गाणे उचलून धरावे लागते. म्हणूनच १९९८नंतरच्या अल्बमांत पाउलोचा बेस स्वच्छ आणि पुढे ऐकू येतो. ज्याने सुरुवातीला स्टुडिओत फारसे वाजवले नव्हते असे सांगितले जाते, त्याच्याच वादनावर आता निम्मा डोलारा उभा आहे. रिफही बदलल्या. मॅक्स एकाच सुरावर ठाण मांडून ताल बदलत राहायचा. किस्सर एकटा असताना रिफमध्ये अधिक सूर आणि अधिक वळणे ठेवतो, कारण जागा भरून काढायला दुसरे कोणी नसते. ज्यांना १९९०च्या दशकातला तो जडशीळ, जमिनीला खिळलेला आवाज हवा आहे त्यांना नंतरचा सेपुल्तुरा रिकामा वाटतो तो यामुळे. त्यांची तक्रार खोटी नाही, फक्त ती ग्रीनच्या माथी मारणे चूक आहे.

१९९८मध्ये सोलफ्लायचा पहिला अल्बम आणि ग्रीनचा सेपुल्तुराबरोबरचा पहिला अल्बम ‘अगेन्स्ट’ हे काही महिन्यांच्या अंतराने एकाच रेकॉर्ड कंपनीकडून आले. ‘रूट्स’मध्ये जे एकत्र होते ते या दोन अल्बमांत वाटले गेले. ‘रूट्स’साठी हा बँड ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात जाऊन शावान्ते या आदिवासी समाजात राहिला होता आणि त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रण करून आला होता. बाहियाचा तालवादक कार्लिन्योस ब्राउन त्या अल्बममध्ये वाजवतो. हा आदिवासी आणि ब्राझिलियन तालांचा धागा मॅक्सने सोलफ्लायमध्ये पुढे नेला. सेपुल्तुराने मात्र ‘अगेन्स्ट’मध्ये जपानच्या ‘कोदो’ या ढोलवादकांच्या गटाबरोबर काम केले, म्हणजे परक्या तालाशी संवाद साधण्याची वृत्ती ठेवली आणि दिशा बदलली. ‘अगेन्स्ट’ हा चांगला अल्बम आहे असे मी म्हणणार नाही. तो घाईत स्वतःला सावरणाऱ्या माणसांचा अल्बम आहे. बँडला पुन्हा स्थिर पाय मिळायला आणखी बरीच वर्षे लागली.

प्रश्न : सेपुल्तुरात ड्रमर इतके वेळा का बदलले?

उत्तर : वस्तुतः पहिली बावीस वर्षे एकच ड्रमर होता. इगोरने २००६मध्ये बँड सोडला. त्या वर्षीच्या सुरुवातीच्या काही कार्यक्रमांत त्याच्या जागी रॉय मायोर्गा बसला, जो पूर्वी मॅक्सच्या सोलफ्लायमध्ये वाजवत असे. त्यानंतर जां दोलाबेला हा ब्राझिलियन ड्रमर आला आणि २०११पर्यंत राहिला. त्याच्या जागी आलेला एलॉय कासाग्रांदे तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता.

इगोरचे वादन वेगासाठी नावाजले गेले, पण त्याची खरी ओळख टॉम ड्रमच्या वापरात आहे. १९९३च्या ‘केऑस ए. डी.’पासून त्याने झांजांवरचा भर कमी करून ताल खालच्या, खोल आवाजाच्या ड्रमवर आणला. सांबाच्या मिरवणुकीत मोठ्या ढोलांचा जो दणका असतो त्याची आठवण तिथे होते. त्या अल्बमची सुरुवात मात्र ढोलाने होत नाही. आधी एका बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. ते मॅक्सच्या तेव्हा जन्मालाही न आलेल्या मुलाचे, झायनचे आहेत, अल्ट्रासाउंडवर टिपलेले. ठोके विरतात आणि त्यांच्यावर इगोरचे ड्रम सुरू होतात. हाच झायन मोठा होऊन ड्रमर झाला आणि वडिलांच्या सोलफ्लायमध्ये वाजवू लागला.

कासाग्रांदे इगोरहून अगदी वेगळा. त्याचे हातपाय प्रचंड वेगाने आणि एकमेकांपासून स्वतंत्र चालतात. मोजणीला अवघड असे ताल त्याला सहज पेलतात, त्यामुळे किस्सरला हव्या त्या गुंतागुंतीच्या रचना लिहिण्याची मोकळीक मिळाली. २०१७चा ‘मशीन मेसाया’ आणि २०२०चा ‘क्वाड्रा’ हे ग्रीनच्या काळातले माझ्या मते सर्वांत भक्कम अल्बम. त्यांच्यामागे कासाग्रांदेचे वादन आहे. निरोपाचा दौरा १ मार्च २०२४ रोजी बेलो होरिझोन्तेतच सुरू व्हायचा होता. त्याआधी काही दिवस कासाग्रांदेने बँड सोडला आणि तो अमेरिकेच्या ‘स्लिपनॉट’मध्ये गेला. त्याच्या जागी ग्रेसन नेक्रुटमन हा तरुण अमेरिकन ड्रमर आला. चाळीस वर्षांची गाणी त्याला मोजक्या दिवसांत बसवावी लागली. दौरा ठरल्याप्रमाणे सुरू झाला.

प्रश्न : कावालेरा बंधू पुन्हा एकत्र आले का? ते सेपुल्तुरात परत का गेले नाहीत?

उत्तर : २००६मध्ये इगोरने सेपुल्तुरा सोडल्यानंतर दोघा भावांचा समेट झाला आणि २००७मध्ये त्यांनी ‘कावालेरा कॉन्स्पिरसी’ हा स्वतंत्र बँड काढला. इगोर त्याच्या पत्नीबरोबर ‘मिक्सहेल’ या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीतही करतो. २०२३मध्ये दोघांनी सेपुल्तुराच्या पहिल्या दोन रेकॉर्ड नव्याने ध्वनिमुद्रित केल्या आणि २०२४मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ही. चांगली वाद्ये, चांगला स्टुडिओ आणि अनुभवी हात मिळाल्यावर पंधरा-सोळाव्या वर्षी रचलेली गाणी कशी वाटतात, हे ऐकणे उद्बोधक आहे. पहिल्या दोन रेकॉर्डची नवी आवृत्ती मला मनापासून आवडली, कारण त्या गाण्यांमध्ये मुळात मॅक्स आणि इगोर यांचेच वर्चस्व होते. ‘स्किझोफ्रेनिया’च्या बाबतीत मात्र किस्सरची उणीव भासते. सूर बरोबर आहेत, वेग आहे, पण मूळ सोलोंमध्ये नव्याने दाखल झालेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाची स्वतःला सिद्ध करण्याची जी धडपड आहे ती पुन्हा वाजवून येत नाही.

परत का गेले नाहीत, याविषयी दोन्ही बाजूंनी अनेक मुलाखतींत अनेक गोष्टी बोलल्या गेल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. मला त्यात पडावेसे वाटत नाही.

प्रश्न : मी हेवी मेटल फारसे ऐकलेले नाही. सदस्यांमधले हे बदल कानाने ओळखता यावेत यासाठी कोणत्या क्रमाने ऐकावे?

उत्तर : सुरुवात पहिल्या रेकॉर्डपासून करू नये. ती गोंगाट वाटून सोडून द्याल. १९९१चा ‘अराइझ’ आधी ऐकावा. त्यात किस्सरची बांधणी, मॅक्सचा आवाज आणि इगोरचा वेग हे तिन्ही एकाच तोलाचे आहेत. त्यानंतर ‘केऑस ए. डी.’ आणि ‘रूट्स’ लागोपाठ ऐकावेत. त्यात वेग उतरत जातो आणि वजन वाढत जाते. इतके झाल्यावर मागे वळून १९८६ आणि १९८७चे दोन अल्बम एकाच बैठकीत ऐकावेत, म्हणजे वर ज्या बदलाविषयी सविस्तर लिहिले तो आपोआप लक्षात येईल.

मग थेट ‘क्वाड्रा’कडे यावे. मधले अल्बम नंतर सवडीने ऐकता येतील. त्यांतला २००६चा ‘दान्ते एकवीस’ हा इगोरचा शेवटचा म्हणून आणि २०११चा ‘कायरोस’ दोलाबेलाच्या वादनासाठी आवर्जून ऐकावा. ‘क्वाड्रा’ ऐकताना हेडफोन वापरावेत. किस्सरचा सोलो सुरू झाला की त्याच्यावरचे लक्ष काढून खाली बेसकडे वळवावे. त्या क्षणी रिफची जागा एकटा पाउलो सांभाळत असतो.